एका लाखाची वाटणी

इंदिराबाई गेल्या आणि त्यांचा लाख वातींचा संकल्प तसाच राहिला. कापूस आणून ठेवला होता, वात एकही वळलेली नव्हती. कार्तिकी पौर्णिमेला लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या महालक्ष्मीपुढे त्या लावायच्या होत्या. केशवरावांनी ठरवले, बायकोचे हे काम पुरे करायचे. आपण स्वतः वाती वळाव्यात, हे मात्र त्यांच्या मनात आले नाही. त्यांनी झाशीच्या मराठी मंडळातल्या तीन बायकांना घरी बोलावले.

"प्रत्येकी तेहतीस हजार तीनशे तेहतीस," ते म्हणाले. "एक उरते."

"ती मी करते," शशिकलाबाई म्हणाल्या.

"का बरं? पुण्य कमावण्यातही तुम्हीच एक पाऊल पुढे?" त्यांची धाकटी जाऊ शिल्पा म्हणाली. "सारख्या वाटा भाऊजी, नाहीतर मला नकोच."

केशवरावांनी आणखी बायका जमवल्या. सहा झाल्या, तर चार वाती उरल्या. सात झाल्या, तर पाच. मग सिविल लाइंसमधून एकाच रिक्षाने दोघी आल्या आणि पुन्हा एक वात उरली.

एवढा मोठा आकडा, आणि कोणालाच नीट वाटता येत नाही? केशवरावांना नवल वाटले. शेजारचा अनुप कॉलेजात गणित शिकवायचा. त्यांनी त्याला बोलावून घेतले.

"काका, लाखाचे भाग पाडत गेलं ना, तर शेवटी फक्त दोन आणि पाच हाती लागतात. तीन, सात, नऊ की तो एंट्री ही नहीं. आठ जणी करा, नाहीतर दहा."

आठ करायच्या तर एकीला घरी पाठवायचे. नऊही जणी केशवरावांकडे बघत होत्या.

"उरलेली एक मी वळतो," ते घाईने म्हणाले.

"वा भाऊजी! आम्ही अकरा हजार एकशे अकरा आणि तुम्ही एक? बायको कोणाची?" शिल्पा म्हणाली.

"तो फिर दहावे काकाच," अनुप म्हणाला. "दहा-दहा हजार. हिसाब बराबर."

केशवरावांनी जन्मात वात वळली नव्हती. पहिली सुरवंटासारखी झाली. दुसरी तुटली. संध्याकाळपर्यंत कशाबशा सत्तावीस झाल्या. शशिकलाबाईंना दया आली.

"राहू द्या भाऊजी. तुमच्या उरलेल्या आम्ही नऊ जणी वाटून घेतो. किती राहिल्या?"

"नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर."

अनुपने कागदावर मांडून पाहिले आणि हसायलाच लागला. "अरे, ही तर मूळ संख्या! नऊ जणींनाच काय, कोणालाच वाटता येत नाही. पण काका, बस एक और वळा. मग प्रत्येकीला बरोबर अकराशे आठ."

"वळा, वळा लवकर," शिल्पा म्हणाली. "मग सुटलात तुम्ही."

केशवरावांनी मान खाली घालून एक वात वळली. ती चांगली सरळ झाली. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी आणखी एक वळली.

"आता जातो का रे भाग?"

अनुपने पुन्हा मांडले. "आता नाही जात, काका."

"नाही ना?" केशवराव म्हणाले, आणि कापसाची पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतली.