फिल्टर निघता निघेना

कव्हररावांनी नव्या लेन्सला फिल्टर लावायचं ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं. (त्यांचं खरं नाव ऑफिसच्या मस्टरवर आहे. पण रिमोटला पिशवी, डायरीला पुठ्ठा, पुठ्ठ्याला प्लास्टिक असा कारभार करणाऱ्या आणि नव्या खुर्चीवर पॅकिंगसकट सात वर्षं बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?)

"यूव्ही फिल्टर लावाच साहेब," दुकानदार म्हणाला होता. "लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची काच. धूळ, ओरखडा, काय व्हायचं ते तिचं होईल." हे ऐकून कव्हररावांना हा माणूस आधी का भेटला नाही, असं वाटलं.

मेहुणा वर्तमानपत्रात फोटोग्राफर. त्याने कपाळावर हात मारला. "दाजी, एवढ्या चांगल्या काचेपुढे ही साधी काच कशाला? ताईला तोंडाला रुमाल बांधून गायला लावाल का?"

"सर्दी झाली असेल तर लावीन," असं म्हणून कव्हररावांनी फिल्टर करकचून आवळला. काच जरा दुधी दिसत होती. अतिनील किरणं अडवायची तर एवढी छटा हवीच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

घरात त्या दिवशी वेगळंच दडपण होतं. बायको बारा वर्षांनी पुन्हा स्टेजवर गाणार होती. पोस्टरसाठी तिचा फोटो संध्याकाळी पाचच्या आत आयोजकांना पाठवायचा होता. फोटोचं तिला पहिल्यापासून वावडं. "चांगला आला तरच पाठवेन, नाहीतर कार्यक्रमच नको," असं तिने सकाळीच बजावलं होतं. कव्हररावांना तिचं गाणं मनापासून आवडायचं. ती पुन्हा गावी म्हणून तर ही लेन्स आणली होती.

खिडकीपाशी त्यांनी चाळीस फोटो काढले. चाळीसही धुक्यातले.

बायकोने ते एकेक करून पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "अशीच दिसते मी आता. पुसट. त्यांना फोन करून नाही म्हणून सांगते."

ती फोनकडे वळली तोच कव्हररावांनी तो उचलला. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "अरे, सगळं धुरकट येतंय!"

"फिल्टर काढा."

"निघत नाहीये!"

"रबरी हातमोजे घालून फिरवा. मी येतोच."

कव्हररावांनी भांडी घासायचे गुलाबी हातमोजे चढवले, लेन्स दोन गुडघ्यांत धरली आणि दातओठ खाऊन जोर लावला. फिल्टर तसूभर हलला नाही. बुडाखालचं स्टूल मात्र हललं आणि स्वारी जमिनीवर आली. लेन्स छातीशी धरलेली, पाय वर! तेवढ्यात मेहुणा दारात हजर झाला.

"दाजी, उलटीकडे फिरवताय. घट्ट होतोय तो." त्याने लेन्स हातात घेतली, उजेडात धरली आणि काचेच्या कडेला नखाने खरवडलं. सर्रकन एक पातळ दुधी पापुद्रा निघून आला.

"हे काय?" कव्हरराव.

"पॅकिंग. फिल्टर खराब होऊ नये म्हणून चिकटवलेलं."

कव्हररावांनी तो पापुद्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग बायकोला जे हसू फुटलं, ते थांबेना. ती टेबलाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. बारा वर्षांत ती एवढी हसली नव्हती. कव्हररावांनी झटकन लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि गुलाबी हातमोज्यांनीच बटण दाबलं.

फोटो लख्ख आला. बायको कितीतरी वेळ तो पाहत राहिली. "ही मी?" तिने विचारलं आणि पावणेपाचला स्वतःच्या हाताने पाठवून दिला. (फिल्टर असावा की नसावा, हा वाद तेव्हापासून मिटला आहे. तो आता निघतच नाही.)

थोड्याच वेळात आयोजकांचा फोन आला. "ताई, फोटो झकास! गातानाही चेहऱ्यावर एवढंच मोकळं हसू ठेवा बरं का."

कव्हररावांची छाती फुगली. बायकोने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "ठेवीन की. तुम्ही फक्त यांना पहिल्या रांगेत बसवा. हातमोज्यांसकट."