डेलबर्टच्या खाणीतला भाडेकरू

दुपारी परसात छोटी रेल्वे चालवणाऱ्या हौशी लोकांच्या रेल्वेमंडळाची मंडळी खाण बघायला यायची होती, आणि सकाळी डेलबर्ट अमुंडसनच्या परसातली छोटी गाडी खाणीच्या बोगद्यात शिरली ती बाहेर आलीच नाही.

ही खाण म्हणजे डेलबर्टचा अख्खा हिवाळा होता. लोनर्गनला बर्फ पडायला लागला की गावातले अर्धे लोक स्की घेऊन डोंगरावर जातात आणि उरलेले शेगडीपुढे पेंगतात. डेलबर्ट गॅरेजमध्ये बसून काठ्या कापत होता. त्याचे आजोबा जिथे चांदी खणत खपले, त्या खाणीची लाकडी प्रतिकृती त्याला करायची होती. छातीएवढा मनोरा, वर माणसांना खाली-वर नेणारा पाळणा ओढायचं चाक, गंजक्या पत्र्याची उतरती छपरं, दगड खाली सोडायच्या पन्हळी, आणि मागे बांधाच्या पोटात शिरणारा बोगदा. बांधावर पूर्वी मर्जीनच्या स्ट्रॉबेऱ्या होत्या. त्या कुठे गेल्या हा विषय नवरा-बायकोत निघत नसे, म्हणजे मर्जीन काढत असे आणि डेलबर्टला ऐकू येत नसे.

एवढा आटापिटा मुख्यतः एका माणसासाठी होता. मंडळाचे अध्यक्ष हॉलिस प्रॅदर नोकरीत असताना राज्यभरातले पूल तपासत. आता ते लोकांच्या परसातल्या रेल्वे तपासत. हात पाठीमागे बांधून यायचं, मान तिरपी करून एक नजर टाकायची, एक चूक सांगायची आणि लिंबू सरबताकडे वळायचं, ही त्यांची पद्धत. गेल्या उन्हाळ्यात डेलबर्टच्या छोट्या स्टेशनापुढे थांबून ते "दाराच्या कड्या मोठ्या झाल्यात" एवढंच बोलले होते. त्या कड्या डेलबर्टच्या डोक्यात हिवाळाभर वाजत होत्या. प्रॅदरनी खाणीपुढे चांगलं घटकाभर थांबावं, नीट बघावं, याहून जास्त काही त्याला नको होतं.

तो पालथा झोपला आणि त्याने बोगद्यात विजेरी मारली. आधी दगडाचे डबे दिसले, त्यांच्यापुढे इंजिन. त्याच्या पलीकडे दोन डोळे चमकले, आणि त्यांच्या खाली बरेच बारके बारके डोळे. काळी लव, पाठीवर पांढरा पट्टा: पिल्लांसकट स्कंक. डेलबर्ट पालथाच मागे सरकत आला.

स्कंक मांजराएवढा, दिसायला गोंडस आणि स्वभावाने अगदी गरीब असतो. पण घाबरला की शेपटीखालून जे सोडतो, ते आठवडाभर माणसाची पाठ सोडत नाही.

मर्जीनने खाली वाकून लांबूनच पाहिलं. "बाळंतीण आहे ती. तिला कुणी हलवायचं नाही."

"मर्जीन, दुपारी माणसं येतायत."

"येऊ देत. तिनं काय त्यांना बोलावलंय?"

मर्जीनने वन्यप्राणी खात्याला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की पिल्लं थोडी मोठी झाली की आई स्वतःच त्यांना घेऊन जाईल, तोवर तिला दचकवू नका. फारच घाई असेल तर बोगद्याच्या तोंडाशी हळू आवाजात रेडिओ लावून बघा, गप्पांना कंटाळून जातात कधीकधी. डेलबर्टने स्वयंपाकघरातला रेडिओ आणून बोगद्याशी ठेवला. त्यावर गुरांच्या बाजाराचे भाव चालले होते. आई ते ऐकत इंजिनालाच टेकून झोपली.

प्रश्न इंजिनाचा होता. ते बॅटरीवर चालायचं आणि हातातल्या रिमोटवर मागे आलं असतं. फक्त मुकाट आलं नसतं. खरं इंजिन मागे सरकण्याआधी तीन शिट्ट्या देतं, म्हणून डेलबर्टने हौसेने यालाही तीच सोय करून घेतली होती. शिट्टी बंद करायचं बटण इंजिनाच्या पोटाखाली होतं, आणि इंजिन बाळंतिणीच्या कुशीत.

सरळ सांगून टाकायचं, हा मार्ग होताच. पण त्यात एक मेख होती. इंजिनाचं धुराडं घासत होतं म्हणून डेलबर्टने बोगदा मापापेक्षा हळूच रुंद केला होता. ज्या बोगद्यात अख्खी स्कंक मावते त्याचं माप काय असेल, हे प्रॅदरना कळायला फूटपट्टी लागली नसती. म्हणून त्याने खाणीसमोर दोरी बांधली, रेडिओ बंद करून काढून घेतला, आणि मंडळी आल्यावर खाण कामगार संपावर गेल्याचं सांगितलं. मंडळी हसली. दोरीअलीकडून सगळ्यांनी खाणीची तारीफही भरपूर केली.

प्रॅदर हसले नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी जिथे जिथे दोरी बांधलेली पाहिली होती, तिथे तिथे त्यांना तडा सापडला होता. त्यांनी दोरी ओलांडली, इस्त्रीच्या पँटसकट गुडघे टेकले आणि बोगद्यात डोकावले.

"गाडी आत आहे," ते म्हणाले. "अडकलीय ना?"

"विश्रांती घेतेय."

"रूळ वाकडे पडले हे सांगायला लाज कसली?" खुर्चीवरचा रिमोट त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तो उचलला.

"हॉलिस, तेवढं बटण दाबू नका," डेलबर्ट म्हणाला आणि रिमोटवर झेपावला.

तीन शिट्ट्या झाल्या. गाडी डौलात मागे आली. आधी दगडाचे डबे, मग इंजिन, आणि त्याच्या पाठोपाठ शेपूट उभारलेली घरमालकीण. ती वळली, पुढचे पाय आपटले, आणि जे करायचं ते अध्यक्ष व यजमान असा भेदभाव न करता करून, परत आत पिल्लांकडे गेली.

पाहुणे आपापल्या बशा घेऊन घराच्या पुढच्या अंगणात पसार झाले. मर्जीनने बादलीत पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्याचा साबण कालवला, दोघांना शेडमागे उभं करून लांब दांड्याच्या ब्रशने घासलं आणि त्यांचे कपडे काठीने उचलून कचऱ्यात टाकले. डेलबर्टला त्याचा जुना झगा मिळाला. प्रॅदरना मर्जीनचा फुलाफुलांचा मिळाला. प्रॅदरच्या बायकोने, युडोराने, संध्याकाळचं वारं लागल्याशिवाय यांना गाडीत घेणार नाही असं खिडकीतून कळवलं आणि खिडकी लावून घेतली.

दोघं परसात दोन खुर्च्यांवर बसले. समोर खाण. बघायला दुसरं काही नव्हतं, आणि सरबत कुणी जवळ आणून देत नव्हतं. प्रॅदर बघत राहिले. मनोरा बघितला, चाक बघितलं, पन्हळीच्या फळ्या एकेक करून बघितल्या. डेलबर्ट श्वास रोखून होता. श्वास रोखायला दुसरंही कारण होतंच.

"पत्र्याला गंज कसा आणलास?" प्रॅदरनी शेवटी विचारलं. अंगाला एकच वास आल्यावर माणसं फार वेळ अहोजाहो करत नाहीत.

"व्हिनेगर आणि मीठ. मग बर्फात टाकून दिला."

"हं. बोगदा मापापेक्षा रुंद आहे."

डेलबर्टने मान खाली घातली. "आहे."

"बरं झालं. नाहीतर ती पोरांना घेऊन कुठे गेली असती?"

वास नसता तर डेलबर्टने या माणसाला मिठीच मारली असती.

पुढच्या शनिवारी सकाळी प्रॅदरची गाडी दाराशी थांबली. ते स्वतःचं स्टूल, थर्मास आणि ओळंबा घेऊन आले होते. त्याच्या पुढच्या शनिवारीही आले. जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी स्कंक आपल्या पिल्लांची रांग घेऊन कुंपणाखालून निघून गेली, तेव्हा मर्जीनने डोळे पुसले आणि प्रॅदर बुधवारीही यायला लागले. मनोरा केसभर कललाय म्हणून त्यांनी तो उतरवला. पन्हळी उलट्या बसवल्या, मग सुलट्या. गाडी सुटली की हात वर करून ती थांबवायचे, कारण रुळावर त्यांची हत्यारं असायची. जेवायला असायचेच. युडोराने मर्जीनला फोन करून सांगितलं की घर इतकं शांत कधीच नव्हतं, काही लागलं तर कळवा, केक पाठवते.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सूर्य कलल्यावर मर्जीन वाळत घातलेले कपडे काढायला परसात आली. डेलबर्ट बोगद्याच्या तोंडाशी ओणवा झाला होता. त्याने आत काहीतरी लांबवर सरकवलं आणि घाईने उठून गुडघे झटकले.

मर्जीनने वाकून पाहिलं. वाटीत मांजराचं खाणं होतं, काठोकाठ.

"डेलबर्ट," ती म्हणाली, "आपल्याकडे मांजर कुठाय?"

"येईल ना एखादं," डेलबर्ट म्हणाला आणि स्कंक जिथून गेली त्या कुंपणाकडे बघत राहिला. "उद्या सकाळच्या आत आलं म्हणजे झालं. उद्या बुधवार आहे."