आज्या डोंगर आणि लाल खुंट्या

एका समुद्रात, फार फार दूर, एक बेट होते. बेट म्हणजे काय, तर एक डोंगरच पाण्यातून डोके वर काढून बसला होता. त्याच्या पोटात आग होती. तोंडातून धूर निघे आणि गंधकाचा वास येई. खाली किनाऱ्याची वाळू काळी कुळकुळीत होती. बेटावरचे पक्षी त्या डोंगराला आज्या म्हणत.

बाळांनो, हे पक्षी कोंबडीएवढे होते. पायांनी माती उकरत, म्हणून त्यांना उकऱ्या म्हणत. ते अंड्यांवर बसत नसत. आज्याच्या उबदार मातीत खड्डा करायचा, अंडे पुरायचे आणि आज्यावर सोपवायचे. उबवण्याचे काम तो करी.

मात्र आज्या दर वर्षी थोडी कूस बदले. मागच्या वर्षी जिथे ऊब, तिथे यंदा चटका. म्हणून उकऱ्यांची एक रीत होती. खड्ड्यात एक पाय ठेवायचा आणि गाणे म्हणायचे.

आज्या आज्या, ऊब दे,
पिल्लाला माझ्या झोप दे,
राग तुझा पोटात ठेव,
पाठीवर मला जागा दे.

चार ओळी होईपर्यंत पाय सोसला, तर जागा बरी. नाही सोसला, तर पुढे चालायचे. एवढेच त्यांचे शास्त्र होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून सगळ्यांना पाठ होते.

एके दिवशी गलबतात बसून बगळे आले. पांढरे शुभ्र, मान ताठ. त्यांचा मोजणीसाहेब किनाऱ्यावर उतरला आणि म्हणाला, "हे बेट आम्हाला सापडले."

सगुणाक्का नावाची एक तरणी उकरी तिथे खेकडा खात उभी होती. तिने विचारले, "हरवलं कधी होतं?"

मोजणीसाहेबाने वहीत लिहिले, "येथील रहिवासी अडाणी आहेत. प्रश्न विचारतात."

मग बगळ्यांनी आज्याला आपल्या राणीचे नाव दिले. आज्याला ते कुणी कळवले नाही. त्यांनी बेट मोजले, नकाशा काढला. मोजणीसाहेबाने सगुणाक्काला विचारले, "तुम्ही अंडी कुठे पुरता?"

तिने पाय ठेवून गाणे म्हटले आणि सांगितले, "यंदा इथं."

'यंदा' हा शब्द साहेबाला महत्त्वाचा वाटला नाही. त्याने तिथे चार लाल खुंट्या ठोकल्या आणि नकाशावर चौकोन काढला. हुकूम सुटला, की यापुढे अंडी चौकोनातच पुरावीत. बाहेर पुरणाऱ्याची पिसे उपटली जातील.

पुढच्या वर्षी आज्याने कूस बदलली. सगुणाक्काने चौकोनात पाय ठेवला. दुसऱ्या ओळीलाच तिने पाय वर घेतला. ती साहेबाकडे धावली.

"साहेब, आत चटका बसतोय! खुंट्या सरकवा."

साहेबाने नकाशा पाहिला. "नकाशा बरोबर आहे. तुझा पाय चुकतो आहे."

अंडी चौकोनातच पुरली गेली. आठ दिवसांनी साहेबाने तपासणीसाठी एक उकरून काढले, टरफल सोलले आणि चाखून पाहिले. अंडे उत्तम उकडले होते.

त्या दिवसापासून तपासणी रोज सकाळी होऊ लागली. पुढच्या गलबतातून मीठ आणि मिरपूड आली. वर्षाच्या अहवालात लिहिले गेले, "येथे पिल्ले कमी निघतात. आया निष्काळजी आहेत. अंड्यांवर बसतसुद्धा नाहीत."

सगुणाक्का चोरून चौकोनाबाहेर अंडी पुरी. आणखी दोघीतिघीही पुरत. दोनदा तिची पिसे उपटली गेली. उकऱ्यांचा वंश राहिला तो या गुन्हेगारांमुळे.

मग करकोचे आले. ते बगळ्यांशी तीन दिवस लढले आणि जिंकले. त्यांनी बेटावर मोठी सुधारणा केली. लाल खुंट्या निळ्या केल्या. मिठाची कुपी मात्र तीच ठेवली.

शेवटी करकोचेही गेले. बेट स्वतंत्र झाले. उकऱ्या नाचल्या. आज्यानेही थोडा धूर सोडला. बगळ्यांच्या शाळेत शिकलेला तुरेराव मुख्य झाला. तो सगुणाक्काचा भाचा, भावाचा मुलगा. त्याने पहिल्याच दिवशी खुंट्या पुन्हा लाल करून घेतल्या, कारण मूळ नकाशात त्या लाल होत्या.

सगुणाक्का आता म्हातारी झाली होती. तिच्या पोटात एक अंडे होते. हे शेवटचे, हे तिला कळत होते. ती खुंट्या उपटायला निघाली, तर पहारेकऱ्याने अडवले. म्हणून ती तुरेरावाकडे गेली. तो नाश्ता करत होता.

"तुऱ्या, त्या खुंट्या काढ रे बाबा."

"आत्या, असं कसं? इतके दिवस त्या परक्यांच्या होत्या. आता आपल्या आहेत."

"आत अंडी उकडतात."

"नकाशात तसं काही दाखवलेलं नाही."

सगुणाक्काचे लक्ष त्याच्या ताटलीकडे गेले. तिथे सोललेले अंडे होते. बाजूला मिठाची कुपी होती.

"हे कुणाचं रे?"

"ही सरकारी तपासणी आहे." तुरेरावाने मान खाली घातली. "पहिल्यांदा जड गेलं, आत्या. मग सवय झाली."

तिने मिठाची कुपी दूर सारली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या आईनं तुला त्या काळ्या कड्याखाली पुरलं होतं. चौकोनाबाहेर. पहाऱ्याला मी होते. माझी पिसं पहिल्यांदा गेली ती तेव्हाच."

तुरेरावाने इकडेतिकडे पाहिले. "हळू बोल, आत्या. त्याची कुठं नोंद नाही."

दुसऱ्या दिवशी सगुणाक्का सर्वांसमक्ष चौकोनात गेली. खड्डा केला, काहीतरी पुरले, माती सारखी केली. पहारेकऱ्याने सलाम केला. तुरेरावाला बरे वाटले. म्हातारी सुधारली होती.

आठ दिवसांनी त्याने तिचे अंडे तपासणीला काढले आणि जोरात चोच मारली. तो समुद्रात घासून गुळगुळीत झालेला, आज्याच्याच पोटातला धोंडा होता. तुरेरावाची चोच टोकाला चिरली. पण खुंट्यांवर ठपका येऊ नये, म्हणून त्याने अहवालात लिहिले, "स्वातंत्र्यानंतर अंडी अधिक मजबूत झाली आहेत."

सगुणाक्का तोवर काळ्या कड्याखाली, यंदा जिथे चारही ओळी पाय सोसला होता तिथे, बसून होती. पुढे दीड महिना ती तिथून फारशी हलली नाही. मग एका सकाळी माती हलली. एक पिल्लू आपले आपण वर आले. त्याने डोळ्यांतली राख झटकली. पुढची माती गरम होती, म्हणून त्याने चटकन एक पाय वर घेतला आणि तसेच उभे राहिले.

म्हातारीने त्याला गाणे शिकवायला सुरुवात केली.

तात्पर्य : बाळांनो, अंडी नेहमी नकाशात दाखवलेल्या जागीच पुरावीत. उबली नाहीत तरी उकडतील. आणि आता ती खायला आपलीच माणसे असतात, हे काय थोडे झाले?