तुटक रेघेची भिंत

पत्र मंगळवारी आले आणि अध्यक्षबाईंनी ते उभ्यानेच वाचले. जुन्या वास्तूंची यादी करणारी समिती शनिवारी वसाहत पाहण्यास येणार होती. वसाहत मूळ नकाशाप्रमाणे शाबूत आढळली तर तिची नोंद संरक्षित यादीत होईल आणि मग तिच्या विटेलाही कोणाला हात लावता येणार नाही. शाबूत आढळली नाही, तर अठ्ठेचाळीस वर्षांची ही वसाहत पाडून तिथे तीस मजली मनोरा उभारण्याचा जो प्रस्ताव सभासदांपुढे पडून होता, त्याला अडवणारे कोणी उरणार नव्हते. निम्मे सभासद मनोऱ्याच्या बाजूने झुकलेच होते. लिफ्टचे आकर्षण माणसाला कुठपर्यंत नेईल, हे सांगता येत नाही.

बाई या वसाहतीत आल्या तेव्हा भिंतींचा ओलसर वास गेलेला नव्हता. ज्या वास्तुरचनाकाराने ती आखली त्याला सारे 'नकाशेवाले साहेब' म्हणत. त्याने आठ इमारती अशा किंचित तिरक्या वळवल्या होत्या, की एकीची सावली दुसरीच्या अंगणात पडत नसे. स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या पटांगणाकडे होत्या, म्हणजे खेळणारी पोरे आयांच्या नजरेत राहत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर दगडी बाक होता. त्या वेळी सगळे बिऱ्हाडकरू तिशीच्या आतले. बाक कशाला, असे कोणीतरी विचारले असता साहेब म्हणाला होता, की तुम्ही म्हातारे होणारच नाही का? आणि मागच्या अंगाला, शेजारच्या दोन घरांना मिळून एकच लांब गॅलरी होती. शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून कोणी घर बांधतो, हे आता सांगूनही खरे वाटणार नाही.

गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत लोकांनी त्या नकाशाचे जे केले ते पाहता साहेब वेळेवर वारला हे बरेच झाले. कोणी गॅलरीला काचा लावल्या होत्या, कोणी पत्रे ठोकले होते, आणि तिसऱ्या इमारतीतल्या दंतवैद्याने तर गॅलरीत न्हाणीघर काढून टब बसवला होता. बाईंनी सेक्रेटरीला बोलावून बजावले, की शुक्रवार संध्याकाळपर्यंत नकाशात नाही ते वसाहतीत दिसता कामा नये. सेक्रेटरीने चाचरत विचारले, लोक ऐकतील का? एकतीस वर्षे अध्यक्षपदी राहिलेल्या व्यक्तीला असे प्रश्न विचारायचे नसतात.

लोकांनी ऐकले. कुरकुरले, पण ऐकले. बुधवारी पत्रे उतरले, काचा निघाल्या. दंतवैद्याच्या न्हाणीघराच्या भिंती पाडल्या गेल्या, पण टब जिन्यातून उतरेना, कारण तो आणला तेव्हा जिन्याचा कठडा काढला होता आणि आता कठड्याला हात लावण्यास बाईंची मनाई होती. तेव्हा टब उघड्या गॅलरीत राहिला आणि दंतवैद्य सवयीने त्याच्याकडे टॉवेल घेऊन जात राहिला.

हे काम एका वृद्ध गवंड्याकडे होते. त्याच्या वडिलांनी ही वसाहत बांधताना विटा रचल्या होत्या. बाईंनी आपल्या दिवाणखान्यातला फ्रेम केलेला मूळ नकाशा भिंतीवरून उतरवून त्याच्या हाती दिला होता, आणि गवंडी तो छातीशी धरून गॅलरीमागून गॅलरी ताडून पाहत होता. गुरुवारी दुपारी तो बाईंच्याच दारी आला.

"बाई, तुमची भिंत कधी काढायची?"

बाईंच्या आणि शेजारच्या मास्तरीणबाईंच्या गॅलरीच्या मधोमध, जमिनीपासून छतापर्यंत, एक भिंत होती. ती एकतीस वर्षांपूर्वी बाईंनी बांधून घेतली होती. बाईंनी गवंड्याला समजावले, की ती भिंत नकाशातच आहे. साहेबाने काढली, पण ठेकेदाराने बांधली नाही. त्यांनी नकाशातल्या गॅलरीच्या मधोमध काढलेल्या रेघेवर बोट ठेवले. बाकीच्या सत्तेचाळीस गॅलऱ्यांत ती का नाही, हा प्रश्न बाईंना कधी पडला नव्हता. इतरांनी आपापली भिंत बांधण्यात कुचराई केली, एवढेच त्यांचे त्यावर मत होते.

गवंड्याने नकाशा उजेडाकडे धरला.

"बाई, ही तुटक रेघ आहे. तुटक रेघ म्हणजे डोक्यावरचं. खाली काही नसतं."

"म्हणजे?"

"वर बीम आहे ना, तो दाखवलाय."

बाईंनी गॅलरीत जाऊन वर पाहिले. भिंतीच्या माथ्यावर बीम होता. एकतीस वर्षे तो तिथेच होता.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. मास्तरीणबाई शाळेत चित्रकला शिकवीत. दोघींची बिऱ्हाडे एकाच आठवड्यात आली, आणि पुढची सतरा वर्षे सकाळी साडेसहाला त्या सामाईक गॅलरीत दोन खुर्च्या टाकून चहा घेत असत. मग बाई अध्यक्ष झाल्या. अध्यक्ष होताच त्यांनी शिस्तीसाठी जे नियम काढले, त्यांत सकाळी सातच्या आत गॅलरीत बसू नये असाही एक होता. मास्तरीणबाईंनी हसत विचारले, हा नियम आपल्यालाही का? बाई म्हणाल्या, नियम तो नियम. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मास्तरीणबाई खुर्ची टाकून बसल्या, तेव्हा बाईंनी त्यांना छापील नोटीस पाठवली. ती संध्याकाळी परत आली. मागच्या कोऱ्या बाजूवर बाईंचे पेन्सिलने काढलेले चित्र होते. तोंडात शिट्टी. दुखले ते शिट्टीमुळे नव्हे. चित्र हुबेहूब होते म्हणून दुखले.

पुढच्या आठवड्यात भिंत उभी राहिली. सर्वसाधारण सभेत मास्तरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, की तुटक रेघ म्हणजे भिंत नव्हे. त्यावर बाईंनी भर सभेत सुनावले, "मुलांना फुलंपानं काढायला शिकवा. नकाशा मला शिकवू नका." सभा हसली. त्यानंतर मास्तरीणबाई बाईंशी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि बाईंना ती शांतताच वाटली.

आता भिंत काढणे भाग होते. पण गवंडी तिला हात लावीना, कारण सामाईक गॅलरीत कोणतेही काम करायचे तर दोन्ही घरांची लेखी संमती हवी, हा वसाहतीचा नियम होता. तो बाईंनीच केला होता. आपली भिंत बांधून झाल्यावर लगेच. बाईंनी सेक्रेटरीला संमती आणायला पाठवले. तो पाच मिनिटांत परतला.

"त्या म्हणाल्या, ज्यांचं काम आहे त्यांनी यावं."

सूनबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "आई, चार पावलांवर तर आहे. मी येऊ का सोबत?" बाईंनी सुनेकडे अशा नजरेने पाहिले, की सूनबाईंनी भाजीत लक्ष घातले. पण शुक्रवारी सकाळी बाई स्वच्छ साडी नेसून एकट्याच गेल्या. शेजारची घंटी बदललेली होती. बटण कुठे आहे हे त्यांना शोधावे लागले.

दार उघडले तेव्हा मास्तरीणबाईंच्या मागे खोक्यांची रास होती. पुस्तके, भांडी, रंगांच्या बाटल्या; प्रत्येक खोक्यावर सुंदर अक्षरात आतले सामान लिहिलेले.

"कुठे निघालात?"

"मुलीकडे. मंगळवारी ट्रक येतोय. घर विकलं."

"मला कसं कळलं नाही?"

"ना हरकत दाखल्यावर तुमचीच सही आहे. गेल्या महिन्यातली."

बाई महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाळीसएक कागदांवर सह्या करीत. वाचणे हे सेक्रेटरीचे काम होते. त्यांनी खुर्चीसाठी इकडेतिकडे पाहिले, पण खुर्च्या बांधून झाल्या होत्या, म्हणून त्या 'स्वयंपाकघर, जड' असे लिहिलेल्या खोक्यावर बसल्या. मग संमतीचा कागद पुढे केला.

"लिहून देते," मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण भिंत का काढताय, ते सांगा."

"नकाशात भिंत नाही."

"मग काय आहे?"

"बीम."

"मी तेव्हा काय म्हटलं होतं?"

बाईंना पाणी हवे होते, पण ते मागण्याची ही वेळ नव्हती. "तेच," त्या म्हणाल्या. आणि एवढ्यावर थांबता आले असते तरी थांबल्या नाहीत. "सगळ्यांसमोर जे बोलले ते बोलायला नको होतं. त्याच दिवशी कळलं होतं मला. पण तोवर गिलावा सुकला होता."

मास्तरीणबाईंनी सही केली आणि कागद परत दिला. त्या म्हणाल्या, "तू ना, माफीही नोटिशीसारखी देतेस." एकतीस वर्षांनी त्यांनी बाईंना 'तू' म्हटले होते.

गवंड्याने दुपारी भिंत फोडायला घेतली. अर्ध्या तासात वीतभर भोक पडले. त्याने आत हात घातला, आणि हात वीतभर गेल्यावर पुन्हा विटेला लागला. पलीकडे दुसरी भिंत होती. गवंड्याने आयुष्यात पुष्कळ भिंती पाडल्या होत्या, पण एकीच्या पाठीशी दुसरी उभी असलेली त्याने पाहिली नव्हती. बाई गॅलरीतून धावत शेजारी जाऊ शकत नव्हत्या. म्हणून दाराने बाहेर पडून, दाराने आत शिरून, खोकी ओलांडून त्या पलीकडच्या गॅलरीत पोचल्या.

"तू पण बांधलीस?"

"तू गिलावा फक्त तुझ्या बाजूने केलास. माझ्याकडे उघड्या विटा. रोज सकाळी ते बघत चहा कसा प्यायचा?"

पण बाई ऐकत नव्हत्या. मास्तरीणबाईंच्या भिंतीवर रंगांनी गॅलरीचा उरलेला अर्धा भाग रंगवलेला होता. तीच फरशी, तोच कठडा, वर तोच बीम, आणि फरशीवर एक रिकामी खुर्ची. इतके बेमालूम, की पहिल्या क्षणी बाईंना भिंत गेलीच असे वाटले आणि त्यांनी पाऊल पुढे टाकले. रंग जुना झाला होता. खुर्चीवर मात्र तो अलीकडेच पुन्हा दिल्यासारखा ताजा होता.

बाईंच्या मागोमाग आलेला गवंडी घण खाली धरून उभा राहिला. त्याने विचारले, हीसुद्धा काढू? बाई अजून त्या खुर्चीकडेच बघत होत्या. मास्तरीणबाईच म्हणाल्या, "काढा. नकाशात नाही ती."

शनिवारी समिती आली. तिघे होते, आणि बोलणारा त्यातला एकच, फायलीवाला अधिकारी. त्याने जिन्यातल्या बाकांवर बसून पाहिले, सावल्यांची मापे घेतली, दंतवैद्याच्या टबाजवळ क्षणभर थांबला. दंतवैद्याने त्यात घाईघाईने चार कुंड्या ठेवल्या होत्या, तेव्हा अधिकाऱ्याने काही न लिहिता पान उलटले. शेवटी तो बाईंच्या गॅलरीत आला. गॅलरी अखंड होती. फक्त फरशीवर मधोमध दोन फिकट पट्टे होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. तो खाली वाकला.

"इथे काय होतं?"

सेक्रेटरी म्हणाला, जुने डाग असतील. बाईंनी त्याला गप्प केले.

"भिंत होती. मी बांधली होती. नकाशा चुकीचा वाचून."

अधिकाऱ्याने सांगितले, की आता ती नाही, तेव्हा वसाहतीच्या नोंदीला बाध येत नाही. पण अनधिकृत बदल कोणी केला ते नाव कायमच्या दप्तरात लिहावे लागेल. बाई म्हणाल्या, लिहा. त्याने लिहिले. मग दुसऱ्या पट्ट्याकडे पेन रोखले.

"आणि ही?"

मास्तरीणबाई आपल्या बाजूने एक पाऊल पुढे आल्या. त्यांचे तोंड उघडले होते. बाईंनी त्यांच्याकडे न पाहता हात आडवा धरला.

"तीही माझीच."

"दोन भिंती?"

"मी काम कच्चं करीत नाही."

"पण कशासाठी?"

बाईंनी त्या दोन पट्ट्यांकडे पाहिले. "एकीने भागेल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्याने ते जसेच्या तसे लिहून घेतले. मास्तरीणबाई बाईंच्या बाजूच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि इतका वेळ हसू आवरीत होत्या, की शेवटी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

रविवारी आणि सोमवारी साडेसहाला दोघींनी गॅलरीत चहा घेतला. एक खुर्ची बाईंची. दुसरी सोडवून काढायला मास्तरीणबाईंना खोक्याची दोरी कापावी लागली. बोलायचे पुष्कळ होते, पण एकतीस वर्षांचे दोन सकाळींत बसवता येईना, म्हणून त्या मुख्यतः पटांगणाकडे बघत राहिल्या. मंगळवारी ट्रक वेळेवर आला.

दोन महिन्यांनी शिक्क्याचे पत्र आले. वसाहत यादीत गेली होती. मनोरा बारगळला होता. बाईंनी पत्र दोनदा वाचले, ते हातात घेऊनच घराबाहेर पडल्या आणि शेजारची घंटी वाजवली. घंटी आत रिकाम्या खोल्यांतून घुमली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की मास्तरीणबाई गेल्या आहेत आणि नवे मालक अजून राहायला आलेले नाहीत. त्या परत वळल्या. आपल्या उंबरठ्याशी पोचल्यावर त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली: मास्तरीणबाई असत्या, तरीही दाराने जायची गरज उरलेली नव्हती.