हरलेल्यांचा फळा

आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर भालेराव रोज प्रार्थनेआधी फळ्यावर खेळांचा दिनविशेष लिहीत, आणि त्यात फक्त हरलेल्यांची नावं असत. आजच्या दिवशी विलायतेत कोण शर्यतीत दुसरा आला, निंबोल्याचा कोणता पैलवान राजघाटाच्या कुस्तीच्या दंगलीत चीत झाला. त्या दिवशी अशा कुणाचा जन्म झाला असला तर तोही. जिंकणाऱ्याला मात्र खडूचा ठिपकासुद्धा मिळत नसे.

"मास्तर, दिनविशेष लिहिता की सुतक?" मी चिडवायचो. मी गणिताचा माणूस, जीभ पहिल्यापासून तिखट.

"जितला त्याचं नाव तर सारं गाव घेते हो सर. हारला त्याचा जनमदिन कोन ध्यानात ठेवते?"

फळ्यावर नाव लागलं म्हणून एकदा तो निंबोल्याचा पैलवान काठी घेऊन शाळेत आला. मास्तरांनी त्याच्या हातावर मावा जिलेबी ठेवली. "पहले खा. आज तुझा जनमदिन हाये." शाळेच्या जुन्या दाखल्यातून त्यांनी तारीख काढली होती. गड्याला स्वतःलाच ती ठाऊक नव्हती. जाताना काठी विसरून गेला.

हे वेड कधी लागलं, ते मला माहीत होतं. मास्तरांचा मुलगा मधुकर सतरा वर्षांचा असताना, ऐन वाढदिवशी तापीतल्या पोहण्याच्या शर्यतीत दुसरा आला. मास्तर भर घाटावर ओरडले, "दुसरा आला तर घरी कायले येते?" पोरानं ओल्या अंगावर सदरा चढवला आणि तो नागपूरला मामाकडे निघून गेला. तिथंच सरकारी कचेरीत चिकटला. मास्तरांच्या एकाही पत्राला त्यानं उत्तर दिलं नाही.

मग प्रांत फुटले. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळच्या राज्यात राहिलो. सरकारनं कारकुनांना विचारलं, नोकरी कुठे हवी, मुंबई की भोपाळ? मास्तरांनी कार्ड टाकलं, "भोपाळ लिहून दे बेटा, आपल्याच राज्यात राहशील." मधुकरनं मुंबई लिहिली. मुंबईला जाताना भुसावळपर्यंत आला, पण इकडे वळला नाही. हे मास्तरांना दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.

मधुकरच्या पुढच्या वाढदिवशी मी शाळेत लवकर गेलो. टेबलावर जिलेबीचा पुडा होता. फळ्यावर लिहिलं होतं:

"जन्म: मधुकर भालेराव.
आजच्या दिवशी हारला: त्याचा बाप."

"अक्षर बरोबर आलं ना, सर?" मास्तरांनी विचारलं.

"आलं," मी म्हणालो. माझा पहिलाच तास होता, आणि फळा एकच. मी सगळं गणित तोंडीच घेतलं.