परवानगी न घेतलेली गॅलरी

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमध्ये कांबळेकाकांकडे गेलं, की बाथरूमला जाण्याआधी विचारावं लागतं. आत प्रदर्शन चालू असू शकतं. एकदा बादलीत नुसता आरसा बुडवून ठेवला होता. मी नळ सोडणार, तेवढ्यात काका ओरडले, "अरे, कलाकृती आहे ती! समजू नकोस, नुसतं बघ!"

हे त्यांचं पालुपद. काका कारखान्यात टर्नर होते. म्हातारपणी त्यांनी वन रूम किचनची आर्ट गॅलरी केली. कुणाचंही काम लावतात. तळमजल्यावरच्या मालवणी मावशींनी जुन्या गोधडीचे उसवलेले दोरे टांगले, तर काका तासभर त्यांच्यासमोर हात जोडून उभे. मावशी मला हळूच म्हणाल्या, "ह्येंका काय झाला?"

सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस काढली, परवानगी घेतली का म्हणून. काका खूशच झाले. "परवानगी मागितली की गॅलरी मेली!"

त्या दिवशी मला सगळं कळलं. तरुणपणी कंपनीने त्यांना ट्रेनिंगला पोलंडला पाठवलं होतं. तेव्हा तिथे कम्युनिस्ट राजवट. चित्र टांगायलाही सरकारची परवानगी. शेजारच्या मशीनवरचा मारेक ती न घेता स्वतःच्या घरातच प्रदर्शनं भरवायचा. आमंत्रण फक्त तोंडी.

"मी गेलो तर टेबलावर बर्फाचा ढीग वितळतोय आणि वीस माणसं श्वास रोखून बघतायत. इतक्यात पोलीस! मारेकने मला खुर्चीत बसवलं आणि सगळे वाढदिवसाचं गाणं गायला लागले. पोलिसाने माझ्याशी हात मिळवला रे!"

"आणि बर्फ?"

"इंडियात वाढदिवसाला लागतो म्हणून सांगितलं!"

मी खो खो हसलो. मग हसू आपोआप थांबलं. पकडला गेला असता तर मारेकची नोकरी, घर, सगळं गेलं असतं. आणि हे कशासाठी, तर बर्फ वितळताना बघायला!

गेल्या रविवारी दुपारी काकांनी पहिल्यांदाच स्वतःचं काम लावलं. भिंतभर पत्रं. सगळी मारेकला, सगळी मराठीत.

"मराठीत का?"

"तिथे पत्रं फोडायचे. पोलिसांना कळू नये म्हणून."

"मग मारेकला तरी कसं कळणार?"

"पाठवली कुठे? परदेशातून पत्र आलं, एवढंही त्याला आत टाकायला पुरलं असतं. पुढे ती राजवट गेली, पण तोवर तो त्या पत्त्यावर राहिला नव्हता. मला मात्र लिहायची सवय लागली ना."

मी वाचत वाचत पुढे सरकलो. मुलगी झाली. कारखाना बंद पडला. मुलगी लग्न होऊन लांब गेली. शेवटचं पत्र काकी वारल्या त्या वर्षीचं, दोनच ओळींचं.

"मारेक, सुनंदा गेली. घरी आता कुणी येत नाही. उद्यापासून इथे गॅलरी सुरू करतोय."