घरी पुसून सांगतो

व्यंकोबाराव पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मी त्यांना फरशी पुसणारा माणूस समजलो. चूक माझी होती, पण सगळीच माझी नव्हती.

चेन्नईत येऊन आम्हांला जेमतेम आठ दिवस झाले होते. नोकरी पेरुंगुडीला, भाड्याचं घर मैलापूरला तिसऱ्या मजल्यावर, आणि तमिळ म्हणाल तर 'तेरियादु', म्हणजे 'ठाऊक नाही', एवढंच ठाऊक. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेले शिडशिडीत गृहस्थ. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळावर गंध आणि हातात दुकानात मिळते तसली पिवळी कापडी पिशवी. खालच्या पाटीवर माझं आडनाव वाचून ते वर आले होते.

"मराठी का? सरी, बरं झालं," ते म्हणाले. "तुम्हांस पुसायला आलो."

"नको, आमच्याकडे पुसायला बाई येते," मी म्हणालो.

"बाई काय पुसते?"

"फरशी."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "फरशीस काय पुसायचं? ती काय सांगणार?"

माझी बायको मेधा आतून हसत बाहेर आली म्हणून तिढा सुटला. तिने मराठीत एम.ए. केलंय, ते त्या दिवशी प्रथमच घराच्या उपयोगी पडलं. तंजावरकडे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी माणसांनी आपली भाषा लोणच्यासारखी बरणीत घालून झाकण लावून ठेवली आहे. त्यांच्याकडे 'पुसणे' म्हणजे विचारणे. आपल्याकडे तो अर्थ पोथ्यांत आणि 'कुत्रं पुसत नाही' एवढ्यातच उरलाय. व्यंकोबाराव विचारायला आले होते. पण गंमत अशी, की विचारून झाल्यावर त्यांनी पिशवीतून कापसाचा बोळा लावलेली एक काडी काढली, मला "आ करा" म्हणाले, आणि माझा गाल आतून खरोखर पुसला.

ते राहायचे आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. एग्मोर स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत सारी नोकरी काढून निवृत्त झाले होते. "इतकी वर्षं लोक मला पुसत होते. आता मी लोकांस पुसतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. खिडकी सुटली तरी तिची भाषा सुटली नव्हती. इडली वेळेवर आली की 'राइट टाइम'. जावई उशिरा आला की 'लेट'. वरच्या मजल्यावरच्या वकिलांचं लग्न चाळिशीत जमलं तेव्हा ते सर्वांदेखत म्हणाले होते, "लेट. पण कॅन्सल नव्हे."

त्यांचा उद्योग मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. रक्ताच्या काही आजारांत रोग्याला दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी द्याव्या लागतात. त्या जुळाव्या लागतात, आणि सख्ख्या भावंडांच्याही जुळतीलच असं नसतं. मग परक्या दात्यांच्या यादीत शोधायचं. व्यंकोबाराव त्या यादीत माणसं भरायचे. फुकट, स्वखुशीने, आणि समोरच्याला पळता भुई थोडी होईपर्यंत.

"रक्ताचा ग्रुप नव्हेपा, टिश्यू," ते समजावत. "आजा-पणजाकडून येतो. आमच्या लोकांचं बहुशा आमच्या लोकांशी जुळणार. आणि आमचे लोक किती? मूठभर. ते यादीत नाहीत. मग आमचा माणूस पडला तर डॉक्टर कोणास पुसणार?"

पण आपल्या मूठभरांवर ते थांबत नसत. "जितक्या तऱ्हेची माणसं आजारी पडतात, तितक्या तऱ्हेची माणसं यादीत पाहिजेत," हा त्यांचा कायदा. त्यामुळे कोणीही दिसलं की पहिला प्रश्न: "तुमचे आजे कोठले?" आमच्या वॉचमनचे नेपाळातले, कोपऱ्यावर नूडल्स विकणाऱ्या अण्णांचे बर्म्यातून परत आलेले, सोनाराचे राजस्थानचे, पियानो शिकवणाऱ्या अँग्लो-इंडियन बाईंचे अर्धे कुठल्याशा आयरिश गावचे. सगळ्यांनी आ केला होता. वयात बसत नसेल त्याला ते मुलगा-मुलगी पुसत. मी कराडचा, पण त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे पुणं, म्हणून मी कायमचा 'पुणेकर' झालो.

आंतरजातीय लग्न म्हटलं की त्यांचा चेहरा खुले. त्यांच्या नात्यातल्या एका मुलीने नागालँडच्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. व्यंकोबाराव तडक तिथे गेले, मुलाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बहु चांगलं. यादीत तुमच्याकडचे फारच कमी. वऱ्हाड किती जणांचं येणार?" मुलीचा बाप रडायचा थांबून त्यांच्याकडे बघत राहिला. लग्नाच्या दिवशी हे जेवणाच्या हॉलच्या दारात टेबल मांडून बसलेले. तोंड रंगायच्या आत गाठायचं म्हणून पानसुपारीच्या तबकाच्या अलीकडे.

त्यांच्या दोन सवयी मात्र मला मुळीच आवडत नसत.

पहिली म्हणजे, कोणाच्याही घरात शिरले की ते बसायच्या आधी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंसमोर उभे राहायचे. "हे कधी गेले? काय झालं होतं?" असं तोंडावर पुसायचे. साल ऐकलं की मान हलवायचे आणि मग बसायचे. एका घरी तर म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाहेर पडल्यावर म्हणालो, "राव, हे बरं दिसत नाही." ते म्हणाले, "बरं दिसत नाही, ठाऊक आहे." आणि पुढच्या घरी पुन्हा तेच.

दुसरी म्हणजे, 'घरी विचारून सांगतो' हे वाक्य त्यांना चालत नसे. ते कोणी उच्चारलं की एरवी गोड बोलणारा हा माणूस पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बैठक मारायचा. "पुसा. मी बसूनलेत आहे," म्हणजे बसलोय. लोक म्हणायचे, बायको माहेरी गेलीय. हे स्वतःचा फोन पुढे करायचे. "आत्ता पुसा." याउलट कोणी तोंडावर दार लावलं, तर यांना राग म्हणून येत नसे. "नाही म्हणायचं असेल तर आज म्हणा. यादीत नाव घालून, बोलावणं आल्यावर नाही म्हणू नका. तिकडे कोणी वाट पाहत असतं." फॉर्मवर सही करण्याआधी ते हे तीनदा वदवून घेत. मला वाटायचं, खिडकीतला माणूस, नियमांची सवय.

मीही तीनदा वदलो होतो. सही ठोकली होती. सही करताना कोणालाही शूर होता येतं.

दीड वर्षाने, पेरुंगुडीच्या ऑफिसात दुपारच्या मीटिंगमध्ये असताना फोन आला. यादीच्या कार्यालयातून एक बाई बोलत होत्या. माझ्या पेशी एका रोग्याशी जुळताहेत असं दिसतंय. आधी रक्त पुन्हा तपासू, मग शरीराची तपासणी. सगळं ठीक असेल तर हाडांतल्या पेशी वाढवायला पाच दिवस इंजेक्शनं आणि एक दिवस मशीनवर. रोगी कोण ते सांगता येत नाही, फक्त लहान मूल आहे. तयार आहात ना?

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

खरं सांगतो, घाबरलो होतो. प्रोजेक्टची तारीख पंधरा दिवसांवर होती, तिचा आडोसा घेतला. आईला कळलं तर ती कराडहून रात्रीच्या गाडीने येऊन बसेल, तोही आडोसा घेतला. मुळात मला सुईची भीती वाटते, हे चौतीस वर्षांच्या माणसाने कोणाला सांगायचं?

संध्याकाळी व्यंकोबारावांकडे गेलो. मनात आशा अशी, की ते म्हणतील, घाई नाही, दुसराही कोणी मिळेल. त्यांच्या पत्नी अंबुबाई जमिनीवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. मी बातमी सांगितली. ते खुर्चीतून उठून उभेच राहिले, "जुळलं? पुणेकर, जुळलं?" म्हणत. मग विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"घरी विचारून सांगतो म्हणालो."

ते हळूच खाली बसले. अंबुबाईंचे हात थांबले. मला वाटलं आता बैठक, आता फोन. पण ते पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीही तेच म्हणालो होतो."

मला कळेना.

"नोकरीत होतो तेव्हा. स्टेशनात कँप लागला. सगळ्यांनी आ केला, मीही केला. पुढे एके दिवशी खिडकीत असता फोन आला. जुळतं आहे, याल का? म्हणालो, घरी पुसून सांगतो." त्यांनी अंबुबाईंकडे पाहिलं. "आणि घरी पुसलंच नाही. धैर्य झालं नाही. मणक्यात सुई घालतात असं कोणी सांगितलं होतं. फोन वाजला की बाहेर जायचो. बारा दिवस. तेराव्या दिवशी मीच फोन केला, येतो म्हणून. ती मुलगी म्हणाली, सर, आता गरज नाही."

"दुसरा कोणी मिळाला असेल," मी म्हणालो.

"असेल. ते सांगत नाहीत. कोण होतं तेही सांगत नाहीत. पण माझ्याशी जुळलं म्हणजे बहुशा आमच्यातलंच ना? आमची माणसं किती? लग्नात दिसतात, सणाला दिसतात. कोणाच्या घरी गेलो, भिंतीवर फोटो दिसला, साल तेच असलं, की वाटतं, हे तर नव्हे?"

इतके दिवस ज्या सवयीची मला लाज वाटत होती, तिचा अर्थ हा होता. मला माझीच लाज वाटली.

अंबुबाई शेंगांकडे बघत म्हणाल्या, "मला पुसलं असतं तर हात धरून नेलं असतं मी यांस. पण पुसलंच नाही."

मी खिशातून फोन काढला. या वेळी त्यांना त्यांचा द्यावा लागला नाही. मेधाला लावला, ती एवढंच म्हणाली, "यात विचारायचं काय आहे? मी रजा टाकते." मग आईला लावला.

आईने पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे विचारला, "मणक्यातनं काढत्यात का रं?" व्यंकोबारावांनी फोन माझ्या हातून जवळजवळ ओढून घेतला. "बाई, मणका नव्हे. दंडातलं रक्त मशीनात जातं, पेशी तेवढ्या काढून घेतात, बाकी रक्त परत येतं. मुलास काही होणार नाही. हे मी तुम्हांस पुसूनलेत आहे. धाडाल का?"

पलीकडून आईचा आवाज, "हे कोण कीर्तनकार बोलत्यात?" आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्याचं झालं तरी लेकरूच हाय. जाऊ दे त्याला. पण उपाशीपोटी नगं."

कार्यालयाला मी तिथूनच फोन केला. घड्याळात सहाला पाच कमी होते.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. रक्त जुळलं, तपासणीत पास झालो. इंजेक्शनच्या पाचही दिवशी व्यंकोबाराव सकाळी वर येत आणि पुसत, "हाडं दुखतात का?" तिसऱ्या दिवशी मी कण्हत म्हणालो, "हो, फार." त्यांना कोण आनंद झाला. "म्हणजे काम चालू आहे," म्हणाले आणि अंबुबाईंना सांगायला खाली पळाले. दुसऱ्याच्या दुखण्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

हॉस्पिटलात मी चार तास मशीनला जोडलेला होतो. सुईकडे बघितलं नाही, छताकडे बघितलं. व्यंकोबाराव शेजारच्या स्टुलावर मांडीवर दहीभाताचा डबा घेऊन बसले होते. जगातल्या प्रत्येकाला आजोबांचं गाव पुसणाऱ्या या माणसाने त्या दिवशी नर्सला काही पुसलं नाही. मूल कुठलं, कुठल्या गावी जाणार, कुठली भाषा बोलतं, काही नाही. मीच म्हणालो, "राव, विचारून तरी बघा." ते म्हणाले, "नकोपा. कोणाचंही असो."

पेशींची पिशवी लहानशीच होती. ती एका थंड पेटीत बंद झाली, आणि एक तरुण मुलगी ती पेटी घेऊन भराभर निघाली. व्यंकोबाराव डबा स्टुलावर ठेवून तिच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेले. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ते हात जोडून उभे होते, स्टेशनवर कोणाला तरी पोचवायला आल्यासारखे. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"राइट टाइम," ते म्हणाले.

आत येऊन डबा मांडीवर घेत स्टुलावर बसले, त्याचं झाकण उघडलं, ते पुन्हा लावलं, आणि उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. आमच्या मराठीत.